दम आधी वाढतो, टाच मागाहून तयार होते

पोलीस भरतीची चाहूल लागली की गावोगावच्या मैदानांवर पहाटेची गर्दी वाढते. मुलांना 1600 मीटर मारायचे असतात आणि हाताशी दोन-तीन महिने असतात. सुरुवातीला धाप लागते. मग दम टिकू लागतो, वेळ कमी होतो, अंगात रग येते, आणि नेमके तेव्हाच बरेच जण लंगडायला लागतात. नडगी ठणकते, सकाळी अंथरुणातून उठताना टाचेच्या वरचा भाग ताठलेला असतो. मग कुणीतरी ‘नस चढली’ म्हणतं आणि जोरजोरात तेल चोळणं सुरू होतं. खरं तर कुठलीच नस कुठे चढलेली नसते.

दम वाढला म्हणजे पाय तयार झाले, हा समज या दुखण्याच्या मुळाशी आहे. शरीराचे सगळे भाग एका वेगाने सुधारत नाहीत. नियमित धावायला लागल्यावर रक्तातल्या द्रवाचं प्रमाण आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतं. स्नायूंच्या पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, म्हणजे मायटोकाँड्रिया, काही आठवड्यांत लक्षणीय वाढतात. पण स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा बळकट व्हायला महिनोन्महिने लागतात. पोटरी आणि टाच जोडणारी कंडरा धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण झेलते.

ही कंडरा मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची असते. तिच्यात पेशी विरळ आणि रक्तपुरवठा तुटपुंजा. जोरदार सरावानंतर तिच्यात कोलॅजन तुटण्याचं आणि नवं बनण्याचं, अशी दोन्ही कामं वाढतात, पण ती जोडीने चालत नाहीत. साधारण पहिले 24 ते 36 तास तुटण्याचं पारडं जड असतं. बनण्याचं त्यानंतर वर येतं आणि सुमारे तीन दिवसांपर्यंत तसं राहतं. म्हणजे आज कसून धावलात आणि उद्या पुन्हा तितकंच धावलात, तर भरपाई होण्याआधीच दुसरी तूट पडते. हे रोज झालं तर तूट साठत जाते.

याहून चकित करणारी गोष्ट 2013 साली डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवली. 1955 ते 1963 या काळात हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, जवळपास दुप्पट झाला आणि नंतर हळूहळू घटत गेला. तो वनस्पतींतून अन्नात आणि अन्नातून आपल्या शरीरात येतो. त्यामुळे एखाद्या ऊतीतला कार्बन-14 मोजला की ती कोणत्या काळात घडली, हे सांगता येतं. संशोधकांनी मृत व्यक्तींच्या टाचेच्या कंडरा तपासल्या. स्नायूंतला कार्बन अलीकडचा निघाला, पण कंडरेच्या गाभ्यातला कार्बन त्या व्यक्तीच्या आयुष्यातल्या पहिल्या सतराएक वर्षांतला होता. वाढ थांबल्यावर गाभा जवळजवळ बदलतच नाही! मोठेपणी सरावाने जे काही सुधारतं, ते या जुन्या गाभ्यालाच सांभाळून घेत. म्हणूनच ‘21 दिवसांत पाय लोखंडी’ असल्या व्हिडिओंची मला मनापासून चीड येते. कोलॅजनच्या पावडरीचंही तेच. ती पोटात पचते, जशीच्या तशी टाचेत जाऊन बसत नाही.

आणि ही कंडरा वेळेवर तक्रारही करत नाही. तिच्या आतल्या भागात मज्जातंतू अगदी कमी असतात, त्यामुळे बिघाड सुरू झाल्यावरही बराच काळ दुखत नाही. खेळाडूला जाणवतो तो वाढलेला दम. मागे पडलेली कंडरा त्याला जाणवत नाही. ती ओळखायला बाहेरची अनुभवी नजर लागते, आणि ‘आज बस’ हे तिनेच सांगावं लागतं.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची वाटचाल या दृष्टीने बघावी. तो बारावीनंतर सैन्यात गेला आणि 2015 नंतर क्रॉसकंट्री धावू लागला. 2017 साली सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. या 3000 मीटरच्या शर्यतीत 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या असतात, म्हणजे कंडरेची खरी परीक्षा. 2018 साली भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटं 29.80 सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 आणि 2024 साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91. सहा वर्षांत वीस सेकंदही पूर्ण नाहीत, पण याच सेकंदांनी त्याला राष्ट्रकुल रौप्य, आशियाई सुवर्ण आणि ऑलिंपिकची अंतिम फेरी दिली.

भरतीच्या मुलांनी जाहिरातीची वाट न पाहता कितीतरी महिने आधी सुरुवात करावी. जोरदार धावण्याचे दिवस आठवड्यातून दोनच ठेवावेत, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर राखावं आणि बाकीच्या दिवशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळावं. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करण्याचा व्यायामही जोडीला असावा. सकाळचा ताठरपणा आठवडाभर गेला नाही, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून फिजिओथेरपिस्ट गाठावा.