यकृतपेशी, मायटोकाँड्रिया आणि जीवनसत्त्व ई : सक्सिनेटने घातलेला घोळ

जीवनसत्त्व ई 1922 मध्ये सापडलं ते प्रजननाच्या प्रयोगांत. यकृताचा संबंध पुढे आला तो एका खास यीस्टच्या आहारामुळे. त्यावर वाढवलेल्या उंदरांचं यकृत नासून ते मरत. नासाडी दिसू लागण्याआधीच त्यांच्या यकृताच्या कापांचा ऑक्सिजनचा वापर थोड्या वेळाने ढासळे. टोकोफेरॉल, म्हणजे जीवनसत्त्व ई, दिलं की सावरे. संशयाची सुई मायटोकाँड्रियाकडे, म्हणजे ऑक्सिजन वापरून पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांकडे, वळली. याच आहारातून 1957 मध्ये सेलेनियमचं महत्त्वही कळलं.

खरी गुंतागुंत 1980 नंतरची. काचपात्रातल्या यकृतपेशींना विषारी द्रव्यांपासून वाचवण्यात साध्या टोकोफेरॉलपेक्षा टोकोफेरिल सक्सिनेट (सक्सिनिक आम्लाशी जोडलेलं टोकोफेरॉल) सरस ठरलं. गंमत अशी की मुक्त मूलकांना (पेशीची नासधूस करणाऱ्या अस्थिर रेणूंना) आवर घालणारा टोकोफेरॉलचा हायड्रॉक्सिल गट सक्सिनेटमध्ये झाकलेला असतो, म्हणजे हा रेणू स्वतः अँटिऑक्सिडंट नाहीच. तो पेशीत सहज शिरतो, तिथली एस्टरेज विकरं त्याला तोडतात आणि टोकोफेरॉल मायटोकाँड्रियात साठतं, असा उलगडा झाला.

पुढे हेच सक्सिनेट कर्कपेशींना मारतं असं दिसलं. न तुटलेला रेणू मायटोकाँड्रियातल्या श्वसनसाखळीच्या (इलेक्ट्रॉन पुढे सरकवणाऱ्या प्रथिनांच्या रांगेच्या) दुसऱ्या संकुलात युबिक्विनोन या इलेक्ट्रॉन-वाहकाची जागा अडवतो, इलेक्ट्रॉन निसटतात आणि पेशी आत्मनाशाकडे जाते. एकीकडे तारक, दुसरीकडे मारक. आणि दोन्ही निष्कर्ष बिनदिक्कत ‘व्हिटॅमिन ई’च्या नावावर जमा झाले. हे मला फार खटकतं. कारण तोंडाने घेतलेल्या कॅप्सूलमधला एस्टर (आम्लाशी जोडलेलं टोकोफेरॉल), अ‍ॅसिटेट असो वा सक्सिनेट, आतड्यातच तुटतो. यकृतापर्यंत पोचतं ते साधं टोकोफेरॉल. काचपात्रातला सक्सिनेटचा पराक्रम गोळीच्या पदरात टाकता येत नाही. जीवनसत्त्व ईच्याच कुटुंबातल्या टोकोट्रायनॉलबद्दलही सावध राहायला हवं: यकृतातलं वाहक प्रथिन टोकोफेरॉलच्या एकाच प्रकाराला, अल्फा-टोकोफेरॉललाच, झुकतं माप देतं, बाकीची भावंडं लवकर बाहेर टाकली जातात.

माणसांवरची सर्वांत गाजलेली चाचणी 2010 ची. मधुमेह नसलेल्या, फॅटी लिव्हरमुळे यकृताला सूज आलेल्या प्रौढांना रोज 800 युनिट नैसर्गिक अल्फा-टोकोफेरॉल 96 आठवडे दिलं. 43 टक्क्यांमध्ये बायोप्सीत सुधारणा दिसली, प्लासिबो गटात 19 टक्क्यांमध्ये. फायब्रोसिस (यकृतात साठणारी व्रणासारखी कडक ऊती) मात्र लक्षणीय घटला नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत रोज 400 युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण 17 टक्के जास्त आढळलं, त्यामुळे आज डॉक्टर हे औषध निवडक रुग्णांनाच लिहून देतात.