तुमच्याशिवाय चालू असलेलं युद्ध : फ्लाइट सिममधल्या डायनॅमिक कॅम्पेनची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरात वाढलेल्या पोराला मिराज हे लढाऊ विमान म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून जोडी उठली की शहराच्या लष्कर भागातल्या गच्चीवर चाललेलं बोलणं अर्ध्यावर थांबतं, आवाज गेला की वाक्य पुढे सुरू, १९८५ पासून हे असंच आहे आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. त्यामुळे घरात कॉम्प्युटर आला की इथली पोरं क्रिकेटनंतर विमानाचाच गेम शोधतात, आणि आताची पिढी तर डीसीएस या विमान उडवायच्या गेमच्या (फ्लाइट सिमच्या) स्क्रीनशॉटवरून भांडते, कुणाचे ढग जास्त खरे, कुठल्या कॉकपिटमधलं कुठलं बटण दाबलं जातं, व्हीआरचा चष्मा घातल्यावर कसलं भारी वाटतं. वाटतं, मान्य आहे. पण ते विमानात बसल्याचं वाटणं झालं. युद्धात असल्याचं वाटणं ग्राफिक्समधून आलेलं नाही, ते आलंय डायनॅमिक कॅम्पेनमधून, म्हणजे आधी लिहून न ठेवलेल्या, आपोआप पुढे सरकणाऱ्या युद्धातून, आणि तो प्रकार तीस वर्षांहून जुना आहे.

सुरुवातीला असं काही नव्हतंच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सिड मायर आणि मायक्रोप्रोजचा एफ-१५ स्ट्राइक ईगल आला, त्यात लिबिया, व्हिएतनाम वगैरे ठरलेल्या मोहिमा होत्या, जा, टार्गेट उडवा, परत या, गुण मोजा. १९८८ च्या एफ-१९ स्टेल्थ फायटरमध्ये गोष्ट थोडी पुढे गेली कारण तिथे मोहीम कॉम्प्युटर स्वतः तयार करायचा, प्रदेश निवडा, शीतयुद्ध की खुलं युद्ध ते निवडा आणि दर वेळी नवीन टार्गेट. मजा यायची पण गेमला आठवण नावाची गोष्ट नव्हती, काल ज्याची राख केली त्याचा आज कुणाला पत्ताच नाही.

ही आठवण हळूहळू आली आणि गंमत म्हणजे जेटवाल्यांच्या आधी जुन्या विमानांच्या गेममध्ये आली. डायनॅमिक्स कंपनीच्या रेड बॅरनमध्ये (१९९०) पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकाचं करिअर खेळता यायचं, तारखा पुढे सरकायच्या, बढती, पदकं, आणि मेलात तर मेलात. १९९१ मध्ये लुकासआर्ट्सचा सीक्रेट वेपन्स ऑफ द लुफ्तवाफे आला, त्यात तर तुम्ही अमेरिकेचं आठवं हवाई दल चालवा नाहीतर जर्मनीचं, आज कुठला कारखाना फोडायचा ते ठरवा, आणि इंधनाचे कारखाने फोडलेत तर पुढे त्याचा परिणाम दिसायचा. म्हणजे विमान चालवणं आणि युद्ध चालवणं एकाच डब्यात. आज त्याचे पिक्सेल बघून हसू येतं, पण विचार पुढचा होता.

त्याच १९९१ ला स्पेक्ट्रम होलोबाइटचा फाल्कन ३.० आला आणि एफ-१६ च्या नादी लागलेल्यांची एक जातच तयार झाली. फ्लाइट मॉडेल म्हणजे विमान उडण्याचं गणित पूर्ण खरं हवं असेल तर कॉम्प्युटरात मॅथ कोप्रोसेसर ही आकडेमोडीची चिप वेगळी बसवावी लागायची, आणि लोक ती फक्त या गेमसाठी विकत घ्यायचे, आताची पोरं ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवतात म्हणून घरचे ओरडतात त्यांना हे जरूर सांगा. पण आपल्या मुद्द्याचं त्यात वेगळंच होतं, तुमच्या हाताखाली स्क्वाड्रन होतं, त्यातले वैमानिक थकायचे, शिकायचे, मरायचे, आणि चांगला माणूस गेला की उरलेल्या कच्च्या पोरांना घेऊन उद्या निघावं लागायचं. विंगमनची, म्हणजे सोबत उडणाऱ्या साथीदाराची काळजी वाटायला लागली ती इथून. मध्ये १९९५ ला डीआयडी कंपनीचा ईएफ२००० नॉर्वेतलं युद्ध घेऊन आला, त्यांनी कॅम्पेनच्या इंजिनाला वॉरजेन असं नावच दिलं होतं. याच कंपनीने १९९७ ला एफ-२२ वर गेम काढला तो दिसायला देखणा पण डायनॅमिक कॅम्पेन गायब, खेळणारे नाराज, मग १९९८ मध्ये टोटल एअर वॉर काढून तांबड्या समुद्राभोवतीचं अख्खं युद्ध द्यावं लागलं, वर अवॅक्समध्ये, म्हणजे उडत्या रडारच्या विमानात बसून सगळं आकाश बघायची सोय. लोक देखणेपण आठवड्यात विसरतात, नकाशा विसरत नाहीत, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता खरा विषय. १२ डिसेंबर १९९८, फाल्कन ४.०, कोरियाचं द्वीपकल्प, डब्यात रिंग बाइंडरमध्ये घातलेलं जाडजूड मॅन्युअल (आपल्याकडे ज्यांच्या हातात डुप्लिकेट सीडी आली त्यांना मॅन्युअल नाही, म्हणजे रडार कुठल्या बटणाने चालू होतं इथपासून शोध). याचं कॅम्पेन कसं चालतं ते नीट सांगतो कारण इथेच सगळी मेख आहे. कॅम्पेन सुरू केलं की दोन्ही बाजूंच्या बटालियन, स्क्वाड्रन, रडार, पूल, वीजकेंद्रं, कारखाने, विमानतळ असं सगळं नकाशावर जिवंत होतं आणि घड्याळ सुरू होतं. इंजिन स्वतःच ठरवतं की आज कुठे हल्ला, कुणी हवेत इंधन देणारा टँकर घेऊन उभं राहायचं, कुणी एसएएम म्हणजे जमिनीवरची विमानविरोधी क्षेपणास्त्रं दाबायची, कुणी बॉम्ब टाकायचा, आणि त्याप्रमाणे उड्डाणांची अख्खी यादी लागते. त्यातलं एखादं उड्डाण तुम्ही घ्यायचं. नाही घेतलं तर ते कॉम्प्युटरचा वैमानिक घेऊन जातो, थांबत कुणीच नाही.

बरं तेव्हाच्या पेंटियमवर एवढं सगळं चालणार कसं, तर त्यांनी डोकं लावलं. तुमच्या विमानाभोवती एक बबल असतो, त्याच्या आतला प्रत्येक रणगाडा, प्रत्येक विमान, प्रत्येक मिसाइल खरोखर हलतं. बबलच्या बाहेर तीच बटालियन म्हणजे नुसता एक आकडा असतो, इतके रणगाडे, इतकं मनोबल, इतका पुरवठा, आणि दोन आकडे भिडले की हिशोबाने निकाल लागतो. तुम्ही जवळ गेलात की आकडा उलगडून पुन्हा रणगाड्यांची रांग होते. खेळताना हा सांधा कळत नाही, कळतं ते एवढंच की रेडिओवर दुसऱ्याच कुणाचं तरी भांडण ऐकू येतंय, खाली तोफा चालल्यात, आणि शेजारून चार विमानं जातायत ज्यांचा तुमच्याशी काहीही संबंध नाही. आपला ग्वाल्हेरचा डिसेंबर-जानेवारीतला मेळा जसा तुम्ही गेलात तरी भरतो आणि घरात बसलात तरी भरतो, तसं ते युद्ध आहे. आधीच्या गेममध्ये सगळं जग तुमची वाट बघत उभं असायचं, तुम्ही पोचलात की शत्रू हजर.

आणि पूल पाडला तर तो पडलेलाच राहतो, दुरुस्त व्हायला वेळ लागतो, तोवर त्या रस्त्याने पुरवठा अडतो, पुरवठा अडला की पुढची बटालियन ढिली पडते, मग आघाडीची रेघ सरकते. हे वाचताना कोरडं वाटेल. पण गेम आल्यावर सहा महिन्यांनी तेच खरं घडलं. कारगिल. १७ जून १९९९ ला आपल्या मिराजनी बटालिक भागात मुंथो ढालो इथला शत्रूचा पुरवठ्याचा मोठा तळ फोडला, २४ जूनला टायगर हिलवर लेझर गायडेड बॉम्ब टाकले, मिराजचं घर ग्वाल्हेर पण तेव्हा उडाली ती आदमपूरहून, त्यामुळे इकडे नेहमीचा आवाज कमी आणि पेपरातल्या बातम्या जास्त. टायगर हिल सगळ्यांना पाठ आहे, सिनेमासारखं शिखर आहे ते. मुंथो ढालो विचारा, फार कमी लोक सांगतील. पण शिखरावर बसलेल्या माणसाला दारूगोळा आणि रेशन खालूनच येतं, तो तळ गेल्यावर वरच्यांचं काय होणार ते कळायला मोठं डोकं लागत नाही, आणि ज्याने फाल्कनमध्ये पुलांच्या मागे लागून आघाडी सरकवलीय त्याला तर अजिबातच नाही. एक फरक मात्र मोठा होता. कारगिलमध्ये हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा सक्त हुकूम होता, वळायला जागा कमी, हल्ल्याच्या दिशा ठरलेल्या. गेममधली कॅम्पेन इंजिनं रसद मोजतात, थकवा मोजतात, पण दिल्लीतून आलेला असा हुकूम मोजणारं इंजिन मी तरी बघितलेलं नाही, आणि माझ्या मते खऱ्या युद्धापासून हे गेम सगळ्यात लांब असतात ते इथे.

इतकं भारी होतं तर मग सगळ्यांनी तेच का नाही केलं, हा प्रश्न येतोच. कारण ते बनवताना कंबरडं मोडतं. फाल्कन ४.० बनत होता तोवर तो काढणारी मायक्रोप्रोज हॅसब्रो या खेळण्यांच्या कंपनीच्या ताब्यात गेली होती, गेम नाताळच्या आधी दुकानात आला तो बगांनी भरलेला, पॅचवर पॅच आले, आणि डिसेंबर १९९९ मध्ये ज्या स्टुडिओने तो बनवला तो बंदच करून टाकला. एप्रिल २००० मध्ये त्याचा सोर्स कोड इंटरनेटवर फुटला. कायद्याने ते चूकच, पण त्यामुळे गेम मेला नाही हेही तितकंच खरं, जगभरातल्या हौशी लोकांनी कोड उघडून दुरुस्ती सुरू केली, वेगवेगळे गट, त्यांच्यात भांडणं, सगळं झालं. २००५ मध्ये लीड पर्सूटने अलाइड फोर्स नावाने रीतसर आवृत्ती काढली, आणि हौशींच्यातला बेंचमार्क सिम्स हा गट टिकला तो आजपर्यंत, त्यांची फाल्कनची सुधारित आवृत्ती म्हणजे बीएमएस, ते २०११ ला ४.३२ झालं, २०२२ च्या ४.३७ मध्ये व्हीआर आलं. फुकट आहे, अट एकच की मूळ फाल्कन ४.० ची विकत घेतलेली कॉपी हवी, ती ऑनलाइन स्वस्तात मिळते. २०२३ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या मायक्रोप्रोजने फाल्कनचे हक्क परत मिळवले.

बाकीच्यांनी काय केलं तर थोडक्यात. रेझरवर्क्सने हेलिकॉप्टरवर एनिमी एंगेज्ड काढला, १९९८ ला अपाची-हॅवॉक आणि २००० ला कोमांचे-होकम, दोन्हीत कॅम्पेन चालू जगासारखं, फाल्कनच्या सावलीत राहिले बिचारे. मिग अ‍ॅलीने १९९९ मध्ये कोरियातल्या जुन्या युद्धाच्या रसदीवर पूर्ण कॅम्पेन दिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या आयएल-२ गेमवाल्यांनी मोहिमा तयार करणारे जनरेटर दिले, ते चांगले आहेत पण त्यात दोन उड्डाणांच्या मध्ये युद्ध हिशोबापुरतं हलतं, तुम्ही हवेत असताना दुसरीकडे काही चाललंय असं वाटत नाही.

आणि मग आलं डीसीएस, २००८ ला ब्लॅक शार्क, २०११ ला ए-१० सी, आणि सगळा पैसा, सगळी मेहनत एकेका विमानाच्या कॉकपिटमध्ये गेली. धंद्याचं गणित सरळ आहे, विमान विकता येतं, मॉड्यूल म्हणून त्याची किंमत लावता येते, युद्धाची किंमत कशी लावणार? डीसीएस बनवणारं ईगल डायनॅमिक्स बरीच वर्षं सांगतंय की डायनॅमिक कॅम्पेनवर काम चालू आहे. तोवर लोकांनीच लिबरेशन नावाचं टूल बनवलं, ते नकाशा आणि रसद बाहेर सांभाळतं, तुमच्यासाठी एक मोहीम तयार करून देतं, तुम्ही ती उडून आलात की निकाल परत वाचून पुढची चाल. जुगाड आहे, पण बघण्यासारखा जुगाड आहे.

उगाच आंधळी भक्ती नको म्हणून हेही सांगतो, डायनॅमिक कॅम्पेनला गोष्ट सांगता येत नाही. हाताने लिहिलेल्या मोहिमेत माणूस बोलतो, धोका अचानक येतो, शेवट ठरवलेला असतो आणि तो चांगला असेल तर लक्षात राहतो. इंजिन बऱ्याचदा मूर्खासारखं वागतं, कधी तीन तास गस्त घालून एकही शत्रू न दिसता परत यावं लागतं. पण मला विचाराल तर ते रिकामे तीन तासच पुढच्या वेळी रडारवर ठिपका दिसल्यावर घाम फोडतात, कारण आज काही होणारच आहे असं कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी बीएमएस टाका, मूळ फाल्कन घ्या, एक साधी जॉयस्टिक पुरे. आणि पहिल्या दिवशी उडूच नका. कोरियाचं कॅम्पेन उघडा, वेळ वेगाने पळवा आणि नुसता नकाशा बघत बसा, कोण कुठून उठतं, कुठला पूल जातो, रेघ कुठे वाकते, तुमच्या स्क्वाड्रनची विमानं कशी एकेक कमी होतात. तासाभराने एखादं उड्डाण निवडावंसं वाटेलच.