आकारिक की औपचारिक? मकावच्या सॉफ्टवेअर संस्थेच्या योजनांची पार्श्वभूमी

चीनच्या किनाऱ्यावरील मकाव येथे संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली चालणाऱ्या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेने विकसनशील देशांसाठी संशोधन आणि प्रशिक्षणाच्या ज्या योजना राबवल्या, त्यांचा पुण्याशी ठळक संबंध आला तो सप्टेंबर २००६ मध्ये. सॉफ्टवेअर अभियांत्रिकी आणि फॉर्मल मेथड्स (प्रणाली बरोबर आहे हे गणिती तर्काने सिद्ध करण्याच्या पद्धती) या विषयावरची, त्या संस्थेच्या पुढाकारातून सुरू झालेली आंतरराष्ट्रीय परिषद ब्रिस्बेन, बीजिंग आणि कोब्लेंझनंतर पुण्यात भरली. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत आधीपासून सॉफ्टवेअरवर संशोधन होत आले असल्यामुळे हा विषय शहराला अगदीच परका नव्हता. पण संगणक म्हणजे नोकरीचा कोर्स, एवढीच ओळख असलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांपर्यंत तो पोहोचला नाही, आणि याचे एक कारण त्याच्या नावात आहे.

संस्थेचा आरंभकाळ थोडक्यात सांगता येतो. करार १९९१ चा, प्रत्यक्ष काम १९९२ च्या जुलैपासून. मकाव तेव्हा पोर्तुगीज प्रशासनाखाली होते आणि संस्थेच्या अक्षय निधीला पोर्तुगाल, चीन व मकाव या तिघांचाही हातभार लागला होता. १९९९ च्या डिसेंबरात मकाव चीनकडे गेले तरी संस्था तेथेच राहिली. अध्यापकवर्ग मोजका असे. विकसनशील देशांतील तरुण संशोधक अधिछात्र (फेलो) म्हणून काही महिने मकावला येऊन राहत, एखाद्या खऱ्या प्रश्नावर काम करत आणि मायदेशी परतून तेथील विद्यापीठांत शिकवत, अशी मूळ योजना होती. तिच्या जोडीला त्या त्या देशात जाऊन घेतलेले अल्पमुदतीचे वर्गही होते.

वाद होता तो काय शिकवायचे याचा. संस्थेने आरंभीच फॉर्मल मेथड्स हा आपला कणा ठरवला. या संज्ञेचे मराठीत सहज ‘औपचारिक पद्धती’ असे भाषांतर केले जाते आणि तेथेच अर्थ हातातून निसटतो. औपचारिक भेट, औपचारिक स्वागत असे आपण म्हणतो तेव्हा शिष्टाचारापुरते, वरवरचे असे काही मनात असते. येथील ‘फॉर्मल’ चा संबंध मात्र आकाराशी आहे. विधान कशाविषयी आहे ते बाजूला ठेवून केवळ त्याच्या आकारावरून, ठरलेल्या नियमांनी निष्कर्ष काढणे, असा त्याचा अर्थ. तर्कशास्त्राच्या मराठी लेखनात त्यासाठी ‘आकारिक’ हा शब्द रुळलेला आहे आणि तोच येथे वापरायला हवा.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. १९९१ साली मांडलेल्या आणि पुढे मकावमध्ये अनेक वर्षे विकसित होत गेलेल्या ड्युरेशन कॅल्क्युलस या तर्कपद्धतीचे नेहमीचे उदाहरण गॅसच्या बर्नरचे आहे. ज्योत नसताना गॅस सुटत राहिला तर ती गळती. अट अशी, की किमान एक मिनिटाच्या कोणत्याही कालखंडात गळतीचा एकूण वेळ त्या कालखंडाच्या विसाव्या हिश्श्याहून अधिक होता कामा नये. रचनाकार दोन गोष्टी ठरवतो: प्रत्येक गळती १ सेकंदात थांबेल आणि दोन गळत्यांमध्ये किमान ३० सेकंद जातील. या दोहोंतून मूळ अट पाळली जातेच, हे एकही बर्नर न पेटवता कागदावर सिद्ध करता येते. चाचणीतून चूक असल्याचे दिसू शकते. चूक नाहीच याची हमी सिद्धताच देते.

ज्या देशांत संगणकच मोजके, तेथे सिद्धतांचे गणित कशासाठी, हा आक्षेप स्वाभाविक होता. प्रोग्रामिंगचे सहा महिन्यांचे वर्ग काढले असते तर रोजगार तरी मिळाला असता, असे म्हणणारे पुण्यातही भेटत. नव्वदच्या दशकात येथे गल्लोगल्ली निघालेले संगणक-वर्ग त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मात्र त्या वर्गांत शिकवलेली पॅकेजे काही वर्षांतच जुनी झाली. आकारिक पद्धतीला आरंभी कागद, पेन्सिल आणि चांगला शिक्षक पुरतो, हा मुद्दा गरीब देशासाठी लहान नाही. आपल्या रेल्वेचा किंवा करवसुलीचा कारभार ज्या देशाला स्वतः नेमकेपणाने लिहून काढता येत नाही, त्याला विकणारा देईल ते सॉफ्टवेअर घ्यावे लागते, हा मुद्दा त्याहूनही मोठा आहे. संस्थेचा तो निर्णय योग्यच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कामांची निवडही त्याला धरून होती. चीनमधील झेंगझोऊ–वुहान रेल्वेमार्गावरील गाड्यांचे नियोजन आणि व्हिएतनामच्या अर्थखात्याची माहितीप्रणाली यांची वर्णने अधिछात्रांनी आकारिक भाषेत लिहिली. मंगोलियातील अधिछात्रांसह झालेले बहुलिपी दस्तऐवजांचे काम पुणेकरांना विशेष जवळचे वाटावे. वरून खाली लिहिल्या जाणाऱ्या पारंपरिक मंगोल लिपीची संगणकावरील मांडणी हा त्यातला प्रश्न होता, आणि देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी गणेशखिंडीतील सरकारी संगणक केंद्रात जी खटपट चालली होती तिच्याशी त्याचे जवळचे नाते आहे.

पुढे भर सरकू लागला. २००४ पासून मकावच्या प्रशासनासाठी ई-गव्हर्नन्सचे काम वाढत गेले. २००७ साली त्या विषयाची स्वतंत्र परिषद सुरू झाली, जी २०१७ मध्ये नवी दिल्लीत भरली, आणि त्या कामासाठी २०१४ मध्ये पोर्तुगालमधील गिमाराइश येथे वेगळे केंद्रही उघडले. मकावची संस्था त्यानंतर संगणन आणि समाज, शाश्वत विकास अशा विषयांकडे वळली व तिचे नावही बदलले. हे विषय गरजेचे आहेत. तरीही प्रणाली बरोबर आहे हे सिद्ध करायला शिकवणारी संयुक्त राष्ट्रांची ती एक जागा त्या बदलात गेली, ही हानी लहान नाही. पुण्यात भरलेली परिषद मात्र अजूनही ठिकठिकाणी भरते, आणि तिच्या नावात फॉर्मल मेथड्स हे शब्द कायम आहेत.