कूलरच्या खोलीतला मिग-21

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-21 ला निरोप दिला गेला. 1963 साली वायुदलात दाखल झालेलं हे विमान 62 वर्षांनी उतरलं ते कायमचं. त्या दिवशी टीव्हीसमोर हलायला तयार नसलेला माणूस म्हणजे माझा भाचा, वय वर्षं 14, मुक्काम जालना. दिवाळीला त्याने हट्टच धरला की मिगचं मॉडेल पाहिजे, आणि जत्रेत मिळतं तसलं खेळणं नको, स्वतः जोडायचं पाहिजे.

म्हणून एकास अठ्ठेचाळीस मापाचा किट मागवला. खऱ्या मिगचा पंखविस्तार 7.15 मीटर. त्याला 48 ने भागा, 149 मिलिमीटर येतात. म्हणजे वितीपेक्षाही कमी. एवढ्याशा विमानात वैमानिकाची खुर्ची अंगठ्याच्या दोन पेरांत मावते, आणि किटमधली ती खुर्ची पोराला पसंत पडेना. पट्टे नुसते रंगवल्यासारखे दिसतात म्हणाला. मग खुर्ची, चाकं आणि मागचा नोझल, म्हणजे इंजिनाचं मागचं तोंड, असे तीन रेझिनचे, म्हणजे रबरी साच्यात ओतून केलेल्या प्लास्टिकचे भाग वेगळे मागवले. मोटरसायकलला आपण बाहेरचा सायलेन्सर बसवतो तसाच हा प्रकार. मॉडेलवाले त्यांना आफ्टरमार्केट पार्टच म्हणतात.

मे महिन्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला आला आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याने कारखाना मांडला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी घामाघूम होऊन खाली आला.

"मामा, गम डुप्लिकेट निघाला बघा. सगळं विमान चिकटलं, खुर्चीच चिकटत नाही."

हा लेख त्या "डुप्लिकेट" शब्दापायी लिहितो आहे. गम अस्सल होता. वस्तू चिकटली नाही की आपण लगेच दुकानदारावर संशय घेतो; पण चिकटणं म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी विचारत नाही. मी वाळूजला प्लास्टिक मोल्डिंगमध्ये 20 पेक्षा जास्त वर्षं काढली आहेत, त्यामुळे या प्रश्नावर माझा जीव आहे.

आधी भाग कसे बनतात ते बघू. किटचे भाग इंजेक्शन मोल्डिंगचे असतात. वितळलेलं पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात प्रचंड दाबाने भरायचं, गार झालं की साचा उघडून भाग बाहेर ढकलायचा. पोलाद वाकत नाही. म्हणून भाग सरळ निघेल असाच आकार ठेवावा लागतो: उभ्या भिंतींना किंचित उतार, ज्याला आम्ही ड्राफ्ट म्हणतो, आणि आत वळलेली खाच कुठेही नाही. अंडरकट राहिला की भाग साच्यात अडकलाच. किटच्या खुर्चीवरचे पट्टे नुसते उंचवटे असतात, त्याचं कारण हे. रेझिनवाले साचा सिलिकॉन रबराचा करतात. तो ताणून, वाकवून, केळ्याच्या सालीसारखा सोलून काढता येतो. त्यामुळे पट्ट्याखालची पोकळी, बकलातली फट, उशीला पडलेली घडी, सगळं जसंच्या तसं उतरतं. फक्त रबरी साचा काही डझन ओतकामांत फाटतो, तर पोलादी साचा लाखो शॉट देतो. रेझिनचा एवढासा भाग महाग का, याचं उत्तर त्यातच आहे.

आता चिकटवण्याकडे वळू. पोराच्या हातात होता तो किटबरोबर वापरायचा प्लास्टिक सिमेंट. त्याच्या नावावर जाऊ नका, तो मुळात चिकटवतच नाही, तो विरघळवतो. पॉलिस्टायरीनचे रेणू म्हणजे लांबच लांब धागे, शिजवलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुरफटलेले, पण कुठेही गाठ मारलेली नाही. सिमेंटमधला द्रावक आत शिरतो, शेवया सुट्या होतात, दोन्ही भागांतल्या शेवया सांध्यावर एकमेकींत शिरतात. द्रावक उडून गेला की मधे परका पदार्थ उरतच नाही, दोन भाग एकच प्लास्टिक होऊन बसतात. याला खरं तर वेल्डिंग म्हणायला पाहिजे.

रेझिन म्हणजे पॉलियुरेथेन. दोन द्रव मिसळले की काही मिनिटांत घट्ट होतं, आणि घट्ट होताना धाग्याधाग्यांत रासायनिक गाठी पडतात. शेवयांचं ताट नाही, कोळ्याचं जाळं झालं ते. शेवया सुट्या करता येतील, जाळ्याच्या गाठी द्रावकाने कशा सुटणार? कुकरच्या दांड्याचं बेकेलाइट याच जातीचं, म्हणून तो गॅसजवळ राहूनही वितळत नाही. खुर्चीवर प्लास्टिक सिमेंट लावणं म्हणजे दगडावर साखरेचं पाणी लावण्यासारखं.

तर रेझिनला लागतो सायनोअॅक्रिलेट, ज्याला आपण सरसकट फेविक्विक म्हणतो. त्याआधी एक काम न चुकता करायचं. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर भागावर राहिलेला असतो, तो भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासून काढायचा. आम्ही तेही केलं. पोराने वर जाऊन थेंब लावला, खुर्ची दाबून धरली, शंभर आकडे मोजले. सोडल्याबरोबर खुर्ची घसरली. गच्चीवर दुपारचे तीन वाजलेले, बाहेर 42 अंश.

मी म्हटलं, सगळं सामान उचल आणि खाली कूलरच्या खोलीत ये.

तीच खुर्ची, तोच गम. जुना थर खरवडून नवा थेंब लावला. दहा आकडे मोजायच्या आत खुर्ची अशी बसली की हलता हलेना. पोरगं माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. त्याच्या हिशेबाने उलटं व्हायला पाहिजे होतं. वरची खोली तापलेली, कोरडी. तिथे गम चटकन वाळायला हवा. खाली वाळ्याच्या पडद्यांतून ओली हवा येते, कपडेसुद्धा धड वाळत नाहीत.

गैरसमज नेमका इथे आहे. सायनोअॅक्रिलेट वाळून चिकटत नाही. त्याला पाणी लागतं.

कसं, ते नीट सांगतो, कारण मला या गमातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. साखळी हा खेळ आपण सगळे खेळलो आहोत. ज्याच्यावर राज्य तो दुसऱ्याला शिवतो आणि त्याचा हात धरतो. त्यात एक बदल करा: शिवलं की राज्य नव्या गड्याकडे जातं, आणि आधीचा हात न सोडता मागे उभा राहतो. नवा गडी पुढच्याला शिवतो, राज्य आणखी पुढे सरकतं. मैदान गड्यांनी गच्च भरलेलं असेल तर बघता बघता हजारो गड्यांची एक रांग तयार होते. गमाची बाटली म्हणजे हे भरलेलं मैदान, प्रत्येक गडी एक सुटा रेणू, आणि राज्य म्हणजे ऋण विद्युतभार. पण पहिलं राज्य कुणीतरी द्यावं लागतं. ते देतं पाणी, नेमकं सांगायचं तर पाण्यातला हायड्रॉक्साइड आयन.

एवढ्या साध्या पाण्याने हे का घडावं? रेणूच्या मधोमध दोन कार्बनांचा दुहेरी बंध असतो. त्यातल्या एकाच कार्बनवर दोन गट लटकलेले, सायनो आणि एस्टर, आणि दोघेही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढणारे. या ओढाताणीत पलीकडचा कार्बन इलेक्ट्रॉनांना भुकेला होतो. हायड्रॉक्साइड तिथे येऊन जुळतो, दुहेरी बंधातली एक जोडी अलीकडच्या कार्बनवर सरकते, आणि तिथे जमलेला ऋण भार हे दोन गट वाटून घेतात. वाटून घेतल्यामुळे तो टिकतो, तरी पुढच्या रेणूच्या भुकेल्या कार्बनवर झडप घालण्याइतका चपळ राहतो. दातांच्या कवळीत वापरतात त्या मिथाइल मेथाअॅक्रिलेटमध्ये ओढणारा गट एकच, एस्टरचा. तिथे पाण्याची मात्रा चालत नाही, पेरॉक्साइडसारखं काही घालावं लागतं. एका सायनो गटाने एवढा फरक पडतो.

मग बाटलीतच घट्ट का होत नाही? कारण कारखान्यात त्यात किंचित आम्ल घातलेलं असतं. कुठे चुकून राज्य सुरू झालंच, तर आम्ल ते तिथल्या तिथे संपवतं. प्रत्येक पृष्ठभागावर हवेतल्या बाष्पाचा डोळ्यांना न दिसणारा थर बसलेला असतो. थेंब त्यावर पडला की तो थर आम्लाला पुरून उरतो आणि खेळ सुरू. या गमाला साधारण 40 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यातल्या आमच्या दुपारी हवा 20 टक्क्यांच्या आसपास येते. गच्चीवरच्या खुर्चीला राज्य देणाराच कुणी भेटत नव्हता.

यातूनच दुसरी गोष्ट उलगडते. पाणी पृष्ठभागावर असतं, म्हणून थर जितका पातळ तितका सांधा लवकर होतो. भरपूर ओतला म्हणजे पक्का बसला, ही समजूत चुकीची. जाड थेंबाच्या पोटात पाणी पोचत नाही, वर साय धरते आणि आत ओलं राहतं.

या गमाचं लढाऊ विमानांशी नातंही जुनं आहे. अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांचा गट 1942 साली बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता. तेव्हा हे रसायन हाताला लागलं, पण दिसेल त्याला चिकटतं म्हणून बाजूला टाकलं गेलं. 1951 मध्ये जेट विमानांच्या कॅनॉपीसाठी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणासाठी, उष्णतेला टिकणारं प्लास्टिक शोधताना फ्रेड जॉयनर या सहकाऱ्याने त्याचा थर रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे पदार्थातून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या, दोन प्रिझममध्ये ठेवला आणि महागडे प्रिझम एकमेकांना कायमचे चिकटले. या वेळी कूव्हरना काय सापडलंय ते उमगलं. 1958 साली ते गम म्हणून विक्रीला आलं.

आमच्या कापसाच्या मुलखात एक इशारा द्यायलाच हवा. हा गम कापसावर सांडू देऊ नका. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्यावर हायड्रॉक्सिल गटांची गर्दी, आणि तंतूंमुळे पृष्ठभाग अफाट. सगळीकडून एकदम साखळ्या सुरू होतात, उष्णता इतक्या वेगाने बाहेर पडते की कापसातून धूर निघतो आणि बोट भाजतं. सुती हातमोजे घालून हे काम करू नये. उद्या कुणी मंत्र म्हणून वातीतून आपोआप धूर काढून दाखवला, तर हे रसायन आठवा. होमकुंड आपोआप पेटवण्याच्या चमत्कारामागे तूप म्हणून ओतलेलं ग्लिसरीन आणि पोटॅशियम परमँगनेट असतं, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव दाखवत आले आहेत. मोबाइलवर फिरणाऱ्या "सोडा टाका, लोखंड बनवा" या व्हिडिओंचंही तेच. खायचा सोडा अल्कधर्मी असतो, म्हणून गम क्षणात घट्ट होतो. फट बुजवायला उत्तम. पण तयार होतं ते ठिसूळ, लोखंड नव्हे.

गंमत म्हणजे ज्या ओलाव्यावर गम जगतो तोच ओलावा रेझिन ओतताना वैरी होतो. पॉलियुरेथेनमधला आयसोसायनेट पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि भागात बुडबुडे अडकतात. गादीचा फोम मुद्दाम याच क्रियेने फुगवतात. भाच्याच्या एका चाकावर टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं होती, ती बहुधा अशीच आलेली. गम आणि सोड्याने बुजवली, पाणी लावून घासली. रेझिन कोरडं घासू नये, त्याची धूळ छातीत जाते.

नोझल भरीव निघाला, त्याने विमान शेपटावर बसायला लागलं. तो मुख्य चाकांच्या बराच मागे, म्हणून थोडं वजनही मोठी तरफ मारतं. पंक्चरवाल्याकडून चाक बॅलन्सिंगचं छोटं वजन आणून नाकातल्या शंकूत भरलं, काम झालं.

राहिली कॅनॉपी. तिला सायनोअॅक्रिलेट लावायचा नाही, हे मी आधीच बजावलं होतं. त्याची वाफ हवेतल्या बाष्पाला भेटते आणि जवळच्या काचेवर पांढरी भुकटी होऊन बसते. पोलीस याच वाफेने बोटांचे ठसे उठवतात. कूलरच्या खोलीत तर हे हमखास होणार. म्हणून कॅनॉपीला साधा फेव्हिकॉल, काडीच्या टोकाने, कडेकडेने. तो मात्र खरोखर वाळूनच चिकटतो, त्यातलं पाणी उडून जावं लागतं. पोराने आपण होऊन विमान उचललं आणि भर दुपारी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवलं.