कृत्रिम रक्तवाहिनी व रक्तप्रवाह

तुंबलेल्या किंवा फुगलेल्या धमनीच्या जागी, अथवा तिला वळसा घालून, बसवलेल्या नळीला कृत्रिम रक्तवाहिनी किंवा ग्राफ्ट म्हणतात. आर्थर व्होरहीस व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये व्हिन्यॉन-एन कापडाच्या अशा नळ्यांचे कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आज मुख्यतः डेक्रॉन (पॉलिएस्टरचे कापड) व ईपीटीएफई (ताणून सच्छिद्र केलेले टेफ्लॉन) वापरतात. महाधमनीत या नळ्या वर्षानुवर्षे चालतात. व्यास ६ मिमीच्या खाली गेला की त्याच पदार्थाची नळी लवकर बंद पडते. दोष एकट्या पदार्थाचा नाही, हे यातूनच दिसते.

वाहते रक्त वाहिनीच्या भिंतीला घासत जाते. या घासण्याच्या जोराला कर्तन प्रतिबल म्हणतात. निरोगी धमनीत ते साधारण १ ते ७ पास्कल असते आणि अस्तराच्या पेशींना ते मानवते. ०.४ पास्कलच्या खाली, किंवा प्रवाह मागेपुढे हेलकावू लागला की, अस्तराखाली स्नायुपेशी वाढून आतला थर जाडावतो. प्रवाह तेवढाच ठेवून व्यास दुप्पट केला, तर हे प्रतिबल आठपटीने घटते. म्हणून ‘मोठी नळी बरी’ हा हिशेब फसवा आहे. अरुंद नळीचा प्रश्न वेगळा: व्यास घटेल तसा तिचा रोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, आणि आतला थर थोडा जाडावला तरी मार्ग बंद होतो.

खरी गोम जोडापाशी असते. नळीचे टोक धमनीच्या कुशीला शिवले, की येणारी धार समोरच्या भिंतीवर आदळते आणि मागच्या कोपऱ्यात रक्त घुटमळत फिरते. थर जाडावतो तो मुख्यतः टाक्यांच्या रेषेवर आणि धार आदळते त्या तळावर. त्यात धमनी प्रत्येक ठोक्याला फुगते, नळी जवळजवळ ताठ राहते. या विजोडपणाचा ताणही टाक्यांवरच येतो. गुडघ्याखालच्या जोडात रुग्णाच्याच शिरेची पट्टी घालण्याची ‘मिलर कफ’ पद्धत यावरच बेतलेली आहे. तिने जोड लवचीक होतो, धारेची दिशाही बदलते.

डायलिसिससाठी हातात बसवलेल्या ग्राफ्टमध्ये चित्र उलटे असते. धमनीचे रक्त थेट शिरेत घुसते, प्रवाह खवळतो आणि त्याची थरथर त्वचेवर बोट ठेवूनही जाणवते. येथे अरुंदपणा बहुधा शिरेकडच्या जोडात येतो. प्रवाह मिनिटाला ६०० मिलिलिटरच्या खाली उतरला, तर गुठळी होण्याचा धोका धरून तपासणी करतात.