मसाई मारात जाळीदार जिराफ दिसत नाही : केनियाची टूर पक्की करण्याआधी एवढं वाचा

केनियाची चौकशी करायला येणाऱ्या बऱ्याच मंडळींच्या मोबाइलमध्ये एक फोटो असतो. तांबूस तपकिरी अंग, त्यावर पांढऱ्या रेघांची आखीव जाळी, आणि ऐटीत वळलेली मान. "असा जिराफ बघायचाय, आणि मसाई मारा तर हवंच." आम्ही त्याप्रमाणे कार्यक्रम आखून देतो, त्यात उत्तर केनियातल्या सांबुरू अभयारण्याच्या दोन रात्री धरतो, कारण फोटोतला जाळीदार जिराफ तिकडचा. आठवड्याभराने फोन येतो : "सांबुरू काढून टाका हो, त्या दोन रात्री मारात वाढवा. जिराफ काय, तिथेही असतातच की."

असतात, भरपूर असतात. पण फोटोतला तो नव्हे.

मागच्या मोसमात सांगलीच्या एका कुटुंबाने असंच सांबुरू गाळलं. मारात सिंह दिसले, चित्ता दिसला, जिराफ तर रोज दिसले. तिसऱ्या दिवशी त्यांची आठ वर्षांची मुलगी पुस्तकातलं चित्र ड्रायव्हरसमोर धरून म्हणाली, "काका, हा कुठाय?" त्या रात्री आम्हाला कँपवरून फोन आला, उद्या सांबुरूला नेता येईल का म्हणून. मारा टांझानियाच्या सीमेला लागून, तर सांबुरू नैरोबीच्या उत्तरेला तीनशेच्या वर किलोमीटर. जाण्यातच अख्खा दिवस मोडला असता, मारातल्या खोल्यांचे पैसे बुडाले असते ते वेगळेच. पोर हिरमुसली, आणि आम्हालाही फार लागलं. हे पत्रक तेव्हाच लिहायचं ठरवलं.

जिराफ म्हणजे एकच प्राणी, असं आपण शाळेपासून धरून चाललो आहोत. ऑगस्ट २०२५ मध्ये आययूसीएनने, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, जिराफाच्या चार वेगळ्या प्रजाती मान्य केल्या : उत्तरी, जाळीदार, मसाई आणि दक्षिणी. चौघांचे मुलूख वेगळे आहेत. जाळीदार जिराफ जवळजवळ सगळा उत्तर केनियात, थोडा दक्षिण इथिओपिया आणि सोमालियाच्या बाजूला. मसाई जिराफ दक्षिण केनिया आणि टांझानियात, म्हणजे मारा, अंबोसेली, त्सावो, सेरेंगेटी, तरंगिरे या रानांत. दक्षिणी जिराफ नामिबिया, बोट्स्वाना, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका या पट्ट्यात. उत्तरी जिराफ मात्र तुकड्या-तुकड्यांत उरला आहे : युगांडा, केनियाचा थोडा भाग, चाड, काँगो, नायजर अशा विखुरलेल्या ठिकाणी.

केनियात दिसणारे तिघे ओळखायला सोपे आहेत. जाळीदाराचे ठिपके मोठे, कडा सरळ, मधली रेघ बारीक आणि पांढरीशुभ्र. मसाई जिराफाचे ठिपके द्राक्षाच्या पानासारखे कातरलेले, आणि ते थेट खुरांपर्यंत उतरतात. तिसरा न्युबियन, उत्तरी जिराफाचीच एक उपजात. पूर्वी याला रॉथशील्ड म्हणत, आणि जुन्या पाट्यांवर अजून तेच नाव असतं. त्याचे पाय गुडघ्याखाली कोरे, पांढरे मोजे चढवल्यासारखे. गाडी थांबली की आधी पाय बघा, आमचे ड्रायव्हरही तेच सांगतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न : "धोक्यात आहेत म्हणता, मग एका सकाळी आम्हाला चाळीस कसे दिसले?"

मारातला जिराफ उघड्या गवताळ रानात उभा असतो, लांबून दिसतो, म्हणून खूप वाटतो. पण २०१९ मध्ये हाच मसाई जिराफ आययूसीएनच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या नोंदीत, 'संकटग्रस्त' ठरला, कारण साधारण तीस वर्षांत त्याची संख्या निम्म्याच्या आसपास घटली होती. जाळीदार त्याच्या आदल्या वर्षीच त्या वर्गात गेला होता. सगळे जिराफ मिळून १९८५ च्या सुमारास दीड लाखाच्या वर होते, २०१५ मध्ये ९८ हजारांच्या आत आले. आताचा अंदाज १ लाख ४० हजारांच्या घरात आहे : दक्षिणी सुमारे ६९ हजार, मसाई ४४ हजार, जाळीदार २१ हजार आणि उत्तरी जेमतेम ७ हजार. आकडा वाढला याचं एक मोठं कारण म्हणजे मोजणी सुधारली. काही ठिकाणी संख्याही खरोखर वाढली. पण आफ्रिकेत हत्ती चार लाखांच्या आसपास आहेत हे लक्षात घ्या. हत्तीची काळजी सगळे करतात, जिराफ त्याच्याहून कमी आहेत हे कुणाच्या गावीही नसतं.

शिकार, तारेचे फास, शेतीसाठी तोडलेलं रान, दुष्काळ, विजेच्या तारा, अशी कारणं अनेक आहेत. मादी पंधरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. त्यातली बरीच पिल्लं पहिल्या वर्षातच सिंह-तरसांच्या तोंडी जातात. म्हणून एकदा घटलेला कळप भरून यायला फार काळ लागतो.

तरी भरून येतो. नायजरमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यात पश्चिम आफ्रिकी जिराफ, म्हणजे उत्तरी जिराफाचीच आणखी एक उपजात, फक्त ४९ उरले होते. राजधानी नियामेजवळच्या कूरे भागात ते गावांच्या आणि बाजरीच्या शेतांच्या मधोमध राहतात, कुंपण नाही, काही नाही. सरकारने शिकार बंद केली, गावकऱ्यांनी त्यांना राहू दिलं, आणि आज ते सहाशेच्या वर आहेत. आम्ही तिकडे टूर नेत नाही, पण ही गोष्ट प्रत्येक ग्रुपला सांगतो.

आता आमच्या दोन सवयींबद्दल, कारण त्यांवर तक्रारी येतात.

सांबुरूच्या दोन रात्री आम्ही सहसा कमी करत नाही. रस्ता पाच-सहा तासांचा आहे, म्हणजे पहिली संध्याकाळ पोहोचण्यातच जाते. खरं बघणं दुसऱ्या सकाळी, एवासो न्यीरो नदीच्या काठाला. बाभळीचे काटे बोटभर लांब असतात, आणि जिराफ त्यांच्यामधून जांभळट काळ्या जिभेने एकेक पान ओरबाडून घेतो. मग पाणी प्यायला पुढचे दोन पाय फाकवतो, मान खाली नेतो, अर्ध्यातच उचलतो, चौफेर बघतो, पुन्हा वाकतो. हे पुरतं बघायला पाऊण तास लागतो.

दुसरं, आमचा ड्रायव्हर जिराफाच्या अगदी जवळ गाडी घालत नाही. पाण्यावर आलेला जिराफ बिचकला तर न पिताच निघून जातो. हात लावायची किंवा खाऊ घालायची हौस असेल तर नैरोबीचं जिराफ सेंटर आहे. तिथे उंच ओट्यावरून आपल्या हाताने खाऊ घालता येतो. ते न्युबियन जिराफ आहेत. पश्चिम केनियात शेतीने त्यांचं रान गेलं, तेव्हा १९७० च्या दशकात काहींना तिकडून हलवलं गेलं. नाकुरू सरोवराच्या उद्यानातही हेच दिसतात.

म्हणूनच आमची नऊ दिवसांची टूर नैरोबी, सांबुरू, नाकुरू, मारा अशी जाते. तिन्ही जिराफ एकाच फेरीत बघायचे तर आमच्या मते याहून सोयीचा रस्ता नाही. वन्यप्राण्यांची हमी कोणी देऊ नये, आम्हीही देत नाही. पण जो जिराफ बघायचाय त्याच्या मुलखात तुम्हाला नेण्याची जबाबदारी आमची. ज्यांना न्युबियन मोठ्या कळपांत बघायचे आहेत, त्यांनी युगांडातल्या मर्चिसन फॉल्सचं विचारा.

बाजारात जिराफाच्या शेपटीच्या केसांचं कडं म्हणून काही विकायला आलं तर घेऊ नका. जिराफाच्या अवयवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराखाली आला आहे. परवान्याशिवाय ते विमानतळावर जप्त होईल, आणि तिथे आम्हाला काही करता येणार नाही.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. जुलै ते ऑक्टोबरसाठी मारातल्या खोल्या लवकर भरतात. ॲडव्हान्स दिल्यावर मुक्काम बदलला तर पार्कची आधी भरलेली फी परत मिळत नाही. म्हणून पहिल्या फोनच्या वेळीच तुमच्या मनातल्या जिराफाचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. तो कुठला आहे ते आम्ही ओळखून सांगतो, आणि मगच तारखा ठरवू.