समलैंगिकता हा मनोविकार नव्हे

‘लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल’ हा सल्ला समलैंगिक तरुण-तरुणींच्या पालकांना आजही दिला जातो. त्यामागे समलैंगिक किंवा उभयलैंगिक (स्त्री व पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणारे) असणे हा मनोविकार आहे, असा जुना समज असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. या तरुणांमध्ये नैराश्य व चिंता अधिक आढळते हे खरे, परंतु त्याचे मूळ आकर्षणात नसून चिडवणूक, घराबाहेर काढले जाण्याची भीती आणि सततची लपवाछपवी यांत असते. आकर्षण ‘बदलून’ देण्याचे तथाकथित उपचार ही घुसमट वाढवतात, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. लग्नाने तर (येणाऱ्या सुनेचा विचार सहसा कोणी करत नाही) दोन आयुष्यांची फरपट होते. मानसोपचारतज्ज्ञांकडे अवश्य जावे, मात्र नैराश्याच्या उपचारासाठी.